अंगणातली शेगडी

१२ नोव्हेंबर, बुधवार

तिसरा दिवस. बोलणं बंद. मी बोलणार नाही. तिला गरज असेल तर ती बोलेल.

परवा काय झालं ते लिहून ठेवते, नाहीतर महिन्याभरानं हे म्हणतील की चूक माझीच होती. दुपारी सारिका गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. सारिका म्हणजे सून. पुढं नुसतं सा. लिहीन, पूर्ण नाव लिहायची आज इच्छा नाही. फोन कानाला, पालमला माहेरी आईशी बोलणं चाललेलं. मी जिन्यात होते, मुद्दाम ऐकत नव्हते. "सासू कुठली, हेडमास्तरीण हाय. भाकरीला बी मार्क द्यायलीय." आणि हसली. तिकडून आईही हसली असणार.

चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. शेवटची नऊ मुख्याध्यापिका. मागं हसायची कुणाची हिंमत नव्हती. निदान मला ऐकू येईल असं नाही.

खाली आल्यावर म्हटलं, आजपासून माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवू नको.

"बरं," म्हणाली.

एवढंच. माफी नाही, रडणं नाही. बरं!

स्वयंपाकघराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला. हे म्हणाले, "अगं, मला पाणी प्यायचं झालं तर?" माठ ओसरीवर काढून ठेवला. दोघांपुरतं शिजवते आणि परत कुलूप. ती शाळेतून येताना काहीतरी बांधून आणते, खोलीत बसून खाते. इथल्याच एका इंग्रजी शाळेत बालवाडीला शिकवते. खाऊ दे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सातला अंगणात धूर. मला वाटलं पाचोळा पेटला.

आमच्या नितीनची, म्हणजे मुलाची, जाळीची शेगडी. लग्न झालं त्या वर्षी त्यानं हौसेनं आणली होती, येलदरीला धरणावर जाऊन मासे भाजायला. दोनदा वापरली. मग त्याला पुण्याला नोकरी लागली. "घर मिळालं की सारिकाला नेतो" म्हणून गेला, त्याला दोन वर्षं झाली. शेगडी न्हाणीमागं गंजत पडली होती. ती हिनं घासून-पुसून पेरूखाली मांडली. खाली बाभळीचे कोळसे, वर जाळी, जाळीवर बिडाचा लांब दांड्याचा तवा. तवा तिच्या माहेरचा. माझा असता तर काढून घेतला असता.

खिडकीतून सगळं पाहिलं. आधी तवा कोरडाच तापवला. मग तूप. पेरूच्या फोडी, बिया काढलेल्या. त्या जरा मऊ पडल्यावर पपई. केळं सगळ्यात शेवटी, उभं चिरून, कापलेली बाजू खाली. हलवलं नाही. वरून किसलेला गूळ, सुंठ, चिमूटभर मीठ. गूळ वितळून फोडींच्या कडा तांबूस झाल्या तसा तवा जाळीच्या कडेला, मंद आचेवर ओढला. लिंबू पिळलं. शिळी भाकरी चुरून तुपात कुरकुरीत केली होती ती वर पेरली.

पेरू आधी, केळं शेवटी. अक्कल आहे, एवढं मान्य.

पण फळं शिजवून कोण खातं? आजारी माणसाला सफरचंद उकडून देतात, तेवढं मला माहीत आहे. धुण्याच्या दगडावर बसून तव्यातूनच खाल्लं, खिडकीकडं तोंड करून. मी आत आहे हे तिला माहीत होतं.

पेरू आमच्या झाडाचे. पपई आमच्या झाडाची.

१५ नोव्हेंबर, शनिवार

भिंतीपलीकडच्या शेवंताबाई आज भिंतीवरून डोकावल्या. "बाई, काय करायलेत तुमच्याकडं? वास लय भारी यायलाय. पावणे आलेत का काय?" मी म्हटलं, पावणे नाहीत. "मग सून भाईर का बसलीय थंडीत?" मी म्हटलं तिला आवड आहे. शेवंताबाईंचं तोंड पाहण्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीत खबर गेली असणार.

लाज मला वाटायची आणि थाट तिचा. रोज केस धुऊन, नीट साडी नेसून बसते शेगडीपुढं.

नि.ला फोन केला. बोलले सगळं. तुझ्या बायकोनं अंगणात वेगळी चूल मांडली आहे, आम्हाला विचारत नाही, धूर करून गल्ली गोळा करते. वाटलं, तो तिला दोन शब्द सुनावेल, नाहीतर मला म्हणेल की आई जाऊ दे. त्यानं एवढंच विचारलं, "कधीपासून?" सांगितलं. म्हणाला, "फोटो काढून पाठव."

कशाला?

"असू दे. पाठव तू."

खिडकीतून काढला आणि पाठवला. चांगला आलाय. ती एकटी, शेगडी, धूर.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हे तिकडं गेले!

मी देवपूजेला बसले होते. उठून पाहते तर धुण्याच्या दगडाशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेले. हातात ताटली. कवळी काढून खिशात ठेवलेली, आणि पेरू खातायत. पेरू! चार वर्षांत यांनी पेरूकडं पाहिलं नाही. कवळीत बी अडकते, हिरड्या दुखतात, म्हणून मी रोज दलिया करून देते. बिनसाखरेचा. चार वर्षं रोज. यांनी कधी तक्रार नाही केली. आणि आज तिच्या ताटलीतलं चाटून-पुसून.

आत आल्यावर विचारलं, शुगर किती आहे तुमची ठाऊक आहे का? गूळ घालते ती त्यात. वितळवून घालते.

"लय मऊ झालता गं पेरू," म्हणाले.

मी शुगरचं विचारते आणि हा माणूस मला पेरूचं सांगतो.

बाहेर जाऊन सा.ला ऐकवलं. सात दिवसांतले पहिले शब्द. "त्यांना मारायचं आहे का तुला?"

तिनं तवा राखेनं घासता घासता वर पाहिलं. "न्हाई मॅडम."

मॅडम. आई म्हणत होती गेल्या आठवड्यापर्यंत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ती शाळेत गेल्यावर झाडावरच्या सगळ्या पपया उतरवल्या. पिकायला आलेल्या पाच आणि हिरव्या सात. शेवंताबाईंना दिल्या. "एवढ्या?" म्हणाल्या. घ्या म्हटलं. पेरूही हाताला लागले तेवढे काढले. वरच्या फांदीवरचे राहिले, माझा हात पोचत नाही आणि हे काठी देईनात. "कुठं ठेवली आठवत न्हाई." पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात यांनी एक स्क्रूसुद्धा हरवला नाही. काठी कशी हरवते?

संध्याकाळी ती आली. झाडाकडं पाहिलं. मग खांद्यावरची पिशवी ओसरीवर उलटी केली. केळी, पेरू, दोन पपया, बोरं. बाजारातून आणलेली. म्हणजे आधीच आणली होती, झाड पाहायच्या आधी.

काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

यांना तपासणीला नेलं. मनात म्हटलं आता आकडा येऊ दे, तो कागद अंगणात नेऊन तिच्या पुढ्यात टाकते.

शुगर आहे तशीच. उलट डॉक्टर म्हणाले, वजन जरा भरलंय, तोंडाला चव आलेली दिसते.

येताना स्कूटरवर हे म्हणाले, "माझ्यात गूळ घालत न्हाई ती. माझा पेरू आधी काढून ठेवते, नुसतं तूप-मीठ अन् सुंठ. मग बाकीच्यावर गूळ."

मग आधी का नाही सांगितलंत?

"तू इचारलंस कुठं? तू ओरडलीस."

घरी आल्यावर ताटं वाढली. दलिया मात्र टाकून द्यावा लागला, कुणी खाल्ला नाही. मीही नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

सकाळी दोघं अंगणात. थंडी होती, हे शेगडीवर हात शेकत होते. तिनं आज बोरं घातली होती केळ्याबरोबर. मी आत पोळ्या लाटत होते. खिडकी उघडी. यांचा आवाज आला, "धापैकी नऊ." आणि ती हसली. हेही हसले. परत म्हणाले, "एक मार्क बोराच्या बियांचा कापला." परत हसणं.

मार्क.

म्हणजे यांनाही सांगितलंय. गच्चीवर जे बोलली ते यांनाही, आणि दोघं मिळून रोज सकाळी माझ्या अंगणात, माझ्या झाडाखाली

बाहेर आले. नळाखाली बादली भरलेली होती. उचलली आणि शेगडीवर ओतली. सगळी.

बंदुकीसारखा आवाज झाला. तवा तडकला, दांड्यापासून मधोमध. वाफ, राख, आणि तव्यातला गुळाचा पाक उडाला तो तिच्या डाव्या हातावर. मनगटापासून कोपरापर्यंत. ती ओरडली नाही. श्वास आत ओढला तेवढा ऐकू आला. पाक निघत नाही, चिकटून राहतो. तिनं दुसऱ्या हातानं पुसायला पाहिलं तर कातडी

मी बादली धरून तशीच उभी.

यांनी तिचा हात नळाखाली धरला. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "काय बाई हाय का कोण हाय तू?" संसाराच्या एकोणचाळीस वर्षांत असा आवाज ऐकला नव्हता. तिला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं.

अंगण झाडलं. फोडी राखेत लडबडलेल्या. बोरं, केळी. तव्याचा तडा बोटानं चाचपून पाहिला. गरम होता अजून.

२४ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरला तिनं सांगितलं, स्वयंपाक करताना चटका बसला. रात्री हे तेवढंच सांगून झोपले. म्हणजे उपकार केले माझ्यावर. मला नको होते.

वाटलं, आज पालमला जाईल. नऊची एसटी असते. बॅग भरायचा आवाज येतो का म्हणून कान देऊन बसले होते. सातला पाहते तर शेगडी पेटलेली. पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून एका हातानं कोळसे सारखे करत होती. तडकलेला तवा जाळीवर ठेवून पाहिला. तूप तड्यातून खाली गळलं, भडका उडाला. तवा बाजूला ठेवला, केळी सालासकट जाळीवर टाकली. साल काळी पडून फुटली की चमच्यानं खायची.

हे तिच्यासमोर बसले होते. माझ्याशी बोलत नाहीत.

ओसरीवरून विचारलं, जाणार नाहीस का माहेरी?

"मी गेले की तुमी म्हणणार, पळाली." चमचा खाली ठेवला नाही. "मी पळणार न्हाई. तुमाला काढायचं तर काढा."

उद्धट. हात भाजलेला असताना इतकं उद्धट.

शेवंताबाईंनी भिंतीवरून विचारलं हाताला काय झालं. मी आत निघून आले. तिनं काय सांगितलं माहीत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पुण्याहून जाड पाकीट आलं, माझ्या नावानं. नि.नं पाठवलेलं. आत टाईप केलेलं प्रतिज्ञापत्र, माझं. म्हणजे मी सांगितलंय असं लिहिलेलं, फक्त सही बाकी. सोबत त्याची चिठ्ठी: "आई, वाचून सही करून ठेव. ५ तारखेला वकिलांना घेऊन येतो."

घटस्फोट मागतोय.

आधी मी काय केलं असेल? लाल पेन घेतलं. सवय. 'हीने' नाही, हिने. 'चुल' नाही, चूल. 'सासु' नाही, सासू. वकिलाचं शुद्धलेखन पाचवीतल्या पोराचं. दोन पानांत सतरा चुका काढल्या. मग पेन खाली ठेवून परत वाचलं.

'सून हिने माहे नोव्हेंबरपासून स्वतःच्या मर्जीने घराच्या अंगणात स्वतंत्र चूल मांडली असून ती वृद्ध सासूसासऱ्यांना शिजवून घालीत नाही. स्वतःपुरते गोडधोड करून खाते. समजावून सांगितले असता उद्धटपणे बोलते. अशा वागण्याला कंटाळून माझा मुलगा…'

मागं फोटो जोडलेला. माझ्या खिडकीतून काढलेला.

स्वतःच्या मर्जीने.

ह्याला लाल रेघ मारायची राहिली होती. मारली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

नि.शी फोन.

तो: "आई, तूच तर सांगत होतीस. फोन करून तूच रडत होतीस ना? त्यातलंच लिहिलंय."

मी: कुलूप मी घातलं होतं.

तो: "ते कुठं लिहिलंय? त्याची गरज नाही."

मी: आणि कंटाळलास कधी? वर्षात चार दिवस आलास. कंटाळायला इथं होतास कुठं?

तो: "आई, कामाचं बोल."

मी: दुसरं कुणी आहे का?

तो: "तो प्रश्न वेगळा आहे आई."

चौतीस वर्षं पोरांना विचारत आले, गृहपाठ केला का. 'तो प्रश्न वेगळा आहे' म्हणणाऱ्यानं कधीच केलेला नसतो.

तो: "पाच मिनिटांचं काम आहे. तुला ती आवडत नाही, मला माहीत आहे. मग अडचण काय?"

फोन ठेवला. अडचण काय ते मलाही नीट सांगता आलं नसतं. त्याचं बोलणं खरंच होतं. मला ती आवडत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आज अंगणात गेले. बादली न घेता.

सारिका जाळीवर केळी भाजत होती. हे फिरायला गेलेले, मुद्दाम ती वेळ धरली. धुण्याच्या दगडावर बसले आणि पाकीट तिच्यापुढं ठेवलं. तिनं हात पुसून दोन्ही पानं वाचली. सावकाश. माझ्या लाल रेघा पाहून ओठ जरा हलले, हसली नाही.

"तुला माहीत होतं?"

"वर्ष झालं. पुण्याला गेले होते ना गेल्या वर्षीच्या दिवाळीत, तवाच कळलं. तिचे कपडे होते घरात."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला सांगू? तुमाला? तुमी म्हणला असता, तूच नीट वागली नसशील."

म्हटलंच असतं. तोंडाशी आलं होतं आत्तासुद्धा.

"मग वर्षभर इथं राहिलीस कशाला? आमची धुणीभांडी करायला?"

केळं उलटं केलं. "कुठं जाऊ? पालमला भावाचं लगीन ठरायलंय. परत आलेली बहीण घरात दिसली तर सोयरीक मोडते. अन् इथं माझी शाळा हाय. बाबा माणसासारखं बोलतेत." बाबा म्हणजे हे. मग म्हणाली, "तुमी मला घरातनं काढलं न्हाई कधी. नुसतं स्वयंपाकघरातनं काढलं. मी म्हणलं, तेवढ्यावर भागतंय."

मी हाताची पट्टी बघत होते. पिवळा डाग आला होता पट्टीवर. विचारलं, दुखतं का?

"दुखतंय."

माफी मागायला पाहिजे होती. वाक्य तयार होतं, कर्ता-कर्म-क्रियापद सगळं. तोंडातून निघालं ते हे: "गच्चीवर तू माझ्यावर हसलीस."

"हसले," ती म्हणाली. "तुमी पयल्या दिवसापासून माझ्या हातच्या भाकरीचे काठ मोजायलेत. मी रडत बसायला पायजे होतं का?"

तिनं केळ्याची काळी साल चिरली, आत गुळाचा खडा आणि सुंठ भरली, तो वितळेपर्यंत थांबली, लिंबू पिळून ताटली माझ्याकडं सरकवली. घ्या म्हणाली नाही. नुसती सरकवली.

खाल्लं. चांगलं होतं. धुराचा वास केळ्यात आतपर्यंत गेलेला, लिंबानं गोडी अंगावर येत नव्हती. हे इथं लिहिते. तिला सांगितलं ते एवढंच, की मीठ राहिलं.

"तव्यात करते तवा घालते मीठ," म्हणाली. "तवा न्हाई आता."

२ डिसेंबर, मंगळवार

कुलूप काढलं. सकाळी, तिच्या देखत, दार सताड उघडलं आणि बाजूला झाले.

आली नाही. चपला घालून शाळेला निघाली. जाताना म्हणाली, "पाय ठेवू नको म्हणालता तुमी. तोंडानं म्हणालता. आता तोंडानंच म्हणा."

हे ओसरीवर पेपर वाचत होते. पेपर हलत होता. हसत असावेत.

तोंडानं म्हणायचं! साठी उलटलेल्या बाईनं एकोणतीस वर्षांच्या पोरीला! दिवसभर चिडचिड. भांडी आपटली. आमटीत मीठ दुप्पट पडलं. हे निमूट जेवले आणि वर एक तांब्या पाणी प्याले.

दुपारी कागद घेऊन बसले. माझं प्रतिज्ञापत्र मी लिहिणार, मला वकील नको. पहिला खर्डा: 'दोन्ही बाजूंकडून गैरसमज झाले.' फाडला. खोटं. दुसरा: 'रागाच्या भरात माझ्याकडून…' फाडला. मुलांना मी असली वाक्यं लिहू दिली नसती. तिसऱ्या कागदावर नुसती विधानं लिहिली. स्वयंपाकघराला कुलूप मी लावलं. अंगणात बसायची वेळ तिच्यावर मी आणली. सासऱ्यांना ती रोज खायला देत होती. पेटत्या शेगडीवर पाणी मी ओतलं, त्यात तिचा हात भाजला. फोटो मी काढला. आम्ही कंटाळलो नव्हतो. मुलगा इथं राहत नव्हता.

सात वाक्यं. शुद्धलेखन निर्दोष.

हे वाचून म्हणाले, "ही सही केलीस तर पोरगं तुझं तोंड बघणार न्हाई."

माहीत आहे.

"अन् ती बी आई म्हणंल असं न्हाई."

तेही माहीत आहे.

३ डिसेंबर, बुधवार

नि.चा तीनदा फोन. दोनदा घेतला नाही. तिसऱ्यांदा हे बोलले. मला ऐकू आलं ते इतकंच: "तुझी आई हाय. तिला मी काय सांगू? मलाच कधी सांगता आलं न्हाई."

सारिका आली तेव्हा मी दारात उभी होते. आत ये म्हणायचं ठरवलं होतं. म्हटलं, "भाकरी थापायची आहे. माझा खांदा दुखतोय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "दुखतोय का खरंच?"

"नाही."

तिनं पिशवी खाली ठेवली. मग चपला काढल्या, उंबऱ्यापर्यंत आली, पण आत नाही. उंबऱ्याबाहेर बसली, परात ओढून घेतली आणि एका हातानं पीठ मळलं. मी थापल्या. काठ फाटले दोन भाकरींचे. माझ्याच हातच्या.

ती पाहत होती. काही बोलली नाही. मी म्हटलं, बोल की.

"कशाला?" म्हणाली. "मी काय हेडमास्तरीण हाय?"

राग आला. अजून आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी आठ. नि.चा फोन येऊन गेला, मंठ्यापर्यंत आलेत. वकील बरोबर आहेत. "आई, सही झाली ना?" मी म्हटलं, ये, मग बोलू.

टेबलावर दोन कागद. त्याचे टाईप केलेले, माझ्या लाल रेघांसकट. आणि माझा हातानं लिहिलेला. दोन्हींवर सही नाही अजून. रात्री झोप नीट लागली, हे विशेष.

एक सांगते, स्वतःलाच. नि. पाच वर्षांचा असताना गोवरानं आजारी होता, तेव्हा शाळेतून बिनपगारी रजा घेऊन सव्वीस दिवस त्याच्या उशाशी बसले होते. तो आज दारातून आत येईल तेव्हा मला तेच पोर दिसणार. मग मी काय करीन याची खात्री मला नाही. मला तो आवडतो. ती आवडत नाही. कागदावरची वाक्यं मात्र खरी आहेत, आणि खोट्यावर सही मी आजवर केलेली नाही. हजेरीपटावरसुद्धा नाही. शिक्षणाधिकारी समोर बसलेले असतानाही नाही.

सारिकानं शाळेतून रजा घेतली आहे. विचारलं, समोर बसशील का खोलीत थांबशील? तुझ्यावर जबरदस्ती नाही.

"बसते," म्हणाली. "तुमी काय बोलता ते माझ्या कानानं ऐकायचंय."

विश्वास नाही तिचा. बरोबर आहे.

यांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय, निकालाला आल्यासारखा. तीन खुर्च्या मांडल्या, मग चौथी, मग पाचवी आणून कुठं ठेवावी म्हणून हातात धरून उभे राहिले. नि.च्या बाजूला की आमच्या. शेवटी मधेच ठेवली. वकिलाला.

गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज. शेवंताबाई भिंतीवर आल्याच असणार.

हे दाराकडं निघाले. मी म्हटलं, तुम्ही बसा. दार मी उघडते.